आईच्या तोंडी आलेलं नाव

बडोद्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ५४. आई ८० वर्षांची. अंडाशयाचा कर्करोग पोटात आणि यकृतात पसरल्यावर दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी केमो थांबवली. दांडिया बाजारातल्या घरीच आता मॉर्फिनच्या गोळ्या, स्टेरॉइड आणि शुश्रूषा चालू आहे. गेले तीन आठवडे आई लग्नाआधीच्या एका मुलाबद्दल बोलू लागली आहे. तो गुजराती, युनिव्हर्सिटीत तिच्या एक वर्ष पुढे. १९६४-६५ची गोष्ट. दुपारी ती शांतपणे, सलग सांगते. रात्री मात्र त्याच्या नावाने हाका मारते, अंथरुणातून उठू पाहते. ८४ वर्षांचे वडील शेजारच्या खोलीत असतात. त्यांनी एकदाच विचारलं, ‘कोण गं हा?’ ताईंनी ‘औषधांनी बरळते आहे’ असं सांगून वेळ निभावली. पुण्याचा धाकटा भाऊ म्हणतो, झोपेची गोळी वाढवा, घरात माणसं येतात-जातात. मागच्या आठवड्यात आई म्हणाली, ‘कुठे असेल गं तो?’ ताई विचारतात: हे खरं की भ्रम? त्याला शोधायचं का? बाबांना काय सांगायचं? आणि, त्यांच्याच शब्दांत, ‘बाबांबरोबरची अठ्ठावन्न वर्षं तिने नुसती निभावली का?’ पत्रात जाता जाता आणखी एक वाक्य आहे: ‘माझं जमलेलं याच आईने मोडलं होतं, पण ते आता उगाळण्यात अर्थ नाही.’

ताई,

सगळ्यात आधी आईची दुपार आणि आईची रात्र वेगळी करा. तुम्ही दोन्हींना मिळून एकच उत्तर शोधता आहात, आणि भाऊही तेच करतो आहे. तुम्ही लिहिता तशी दुपारी ती सलग बोलते, मधेच पाणी मागते, तुम्हाला नावाने हाक मारते, सोडलेला धागा पुन्हा पकडते. ही आठवण आहे. रात्री ती उठू पाहते, खोली ओळखत नाही, हाका मारते आणि सकाळी तिला त्यातलं काही सांगता येत नाही. हा बहुधा भ्रम आहे, आणि त्याच्यामागे शरीरातलं कारण असू शकतं. शेवटच्या आठवड्यांत असा भ्रम फार रुग्णांना होतो. संध्याकाळनंतर तो वाढतो, दिवसातून अनेकदा कमी-जास्त होतो. त्याची पक्की खूण म्हणजे लक्ष टिकत नाही. शनिवारपासून उलटे वार म्हणायला सांगा. थकलेलं पण शुद्धीतलं माणूस हळू म्हणेल, एखादा वार चुकेल, पण पुढे जाईल. भ्रमातलं माणूस दोन वारांनंतर भलतीकडेच जातं. सकाळी अकराला आणि रात्री आठला, असं तीन दिवस करून पाहा. परीक्षा घेतल्यासारखं नको, गप्पांतच विचारा.

शेजारी एक वही ठेवा. वेळ, आई काय म्हणाली, त्याआधीची गोळी कोणती आणि किती वाजता, लघवी कधी झाली, शौचाला कधी झालं, झोप किती. तीन दिवसांची ही नोंद घरी येणाऱ्या डॉक्टरांच्या हातात दिली तर त्यांचं निम्मं काम होतं, कारण रात्रीच्या भ्रमाची कारणं बहुतेक वेळा इथेच सापडतात. मॉर्फिन चालू असताना रोजचं रेचक सुटलं तर बद्धकोष्ठ होतं. तीन दिवस शौच नाही, पोट ताठर, एवढ्यानेही म्हातारं माणूस रात्री सैरभैर होतं. आठ तास लघवी नाही आणि ओटीपोट कडक लागतंय, तर मूत्राशय भरून अडलेलं असू शकतं. अशा वेळी ती अंथरुणातून उठू पाहते ती खरोखर मोरीकडे जायला. लघवीला वास, अंगात कसर असेल तर संसर्ग. पाणी कमी पोटात जाऊन मूत्रपिंडं मंदावली की मॉर्फिन शरीरात साठतं. हातापायांना बारीक झटके येऊ लागले तर ही खूण समजा आणि त्याच दिवशी फोन करा, कारण मात्रा कमी करावी लागते किंवा औषध बदलावं लागतं. रक्तात कॅल्शियम वाढणं, सोडियम उतरणं, यकृत थकणं हीदेखील कारणं आहेत. त्यातलं काय तपासायचं आणि काय आता तपासून उपयोग नाही, हे डॉक्टर ठरवतील. स्टेरॉइडची गोळी संध्याकाळी जात असेल तर डॉक्टरांना विचारून ती सकाळी नाश्त्यानंतर घ्या. उशिरा घेतलेलं स्टेरॉइड झोप उडवतं. सर्दीच्या, खाजेच्या, झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्या डब्यातून काढून टाका. घरातलं कुणीतरी मायेने देतं आणि भ्रम वाढतो.

भावाला हेच सांगायचं आहे. नुसती झोपेची गोळी वाढवली की भ्रम बरेचदा आणखी गडद होतो. रुग्ण अर्धवट गुंगीत अधिक घाबरतो, पडतो. भ्रमाने ती फारच तळमळत असेल तर त्यासाठी वेगळं औषध असतं, अगदी लहान मात्रेत, आणि ते डॉक्टरच ठरवतात. दुखणं किंवा तळमळ दुसऱ्या कशानेच आवरत नसेल तेव्हा गुंगीत ठेवण्याचा मार्ग आहे. पाहुण्यांसमोर अवघडल्यासारखं होतं म्हणून तो मार्ग नाही. पाहुण्यांची वेळ सकाळी अर्धा तास ठेवा आणि दार तुम्ही सांभाळा. रात्रीच्या बाईलाही सरळ सांगा की आई ज्या नावाने हाक मारते ते या खोलीबाहेर न्यायचं नाही. दांडिया बाजारात भिंतीला भिंत लागून घरं आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

रात्री ती हाक मारते तेव्हा ‘तो इथे नाही’ असं समजावू नका आणि ‘येतोय’ असंही म्हणू नका. खोलीत मंद दिवा ठेवा, चश्मा आणि श्रवणयंत्र चढवा, घड्याळ दिसेल असं ठेवा. हात धरा. ‘आई, मी आहे. रात्र झाली आहे. तू आपल्या घरी आहेस.’ एवढंच, तीनदा लागलं तर तीनदा. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. काही रुग्णांना शेवटी गेलेली, दुरावलेली माणसं खोलीत आल्यासारखी दिसतात, प्रवासाला निघायचं असतं, सामान बांधायचं असतं. त्यात रुग्ण शांत असेल, चेहऱ्यावर त्रास नसेल, तर तिथे औषधाची गरज नाही. कळकळून किंचाळत असेल तर आहे.

आता दुपारकडे येते. तुमचा खरा प्रश्न तिथेच आहे.

‘अठ्ठावन्न वर्षं नुसती निभावली का?’ या प्रश्नात तुम्ही एक गोष्ट धरून चालला आहात: माणूस मरताना जे बोलतं तेच त्याचं खरं, आणि त्याआधीचं सगळं वरवरचं. हे मला पटत नाही. म्हाताऱ्या माणसाला आयुष्यातलं काहीही आठव म्हटलं तर दहा ते तिशीच्या वयातल्या आठवणी सर्वांत जास्त वर येतात. मानसशास्त्रात हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. पहिलं कॉलेज, पहिली मोकळीक, पहिला निर्णय, सगळं पहिलंवहिलं त्याच वर्षांत घडतं म्हणून ते खोल रुजतं. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ सालीच मांडलं होतं की मृत्यू जवळ आला की माणूस आपलं आयुष्य उलगडून पाहतं, आणि हे बुद्धी चळल्याचं लक्षण नसून मनाचं नैसर्गिक काम आहे. त्या उलगडण्यात न मिटलेले दुवे आधी हाताला लागतात. तुमचे बाबा तिच्या आयुष्यातला मिटलेला, पूर्ण झालेला भाग आहेत. त्यांच्याबद्दल तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही तिथेच होतात. बाबांचा पगार, बाबांचं आजारपण, तुमची बारावी, भावाची मुंज, या सगळ्याला साक्षीदार आहेत. त्या मुलाच्या बाबतीत मात्र ती एकटीच साक्षीदार होती आणि साठ वर्षं गप्प होती. ती जाईल तेव्हा त्या वर्षांना कुणीच उरणार नाही, हे तिला कळतंय. म्हणून तुम्हाला सांगते आहे. तुलना करायला नव्हे, सुपूर्द करायला.

त्या काळाचाही थोडा विचार करा. १९४९ साली बडोदा संस्थान मुंबई राज्यात गेलं, त्याच वर्षी युनिव्हर्सिटी सुरू झाली, आणि १ मे १९६० रोजी गुजरात वेगळा झाला. भाषेवरून राज्यं मागितली जात होती त्याच वर्षांत ही मुलगी वाढली. मराठी घरातल्या मुलीने गुजराती मुलाचं नाव काढणं हे तेव्हा दोन घरांपुरतं राहत नसे. ती लढली नाही असं तुम्हाला वाटत असेल तर तिच्यापुढे किती वाट मोकळी होती तेही पाहा.

तिने विचारलं, ‘कुठे असेल गं तो?’ तुम्ही ऐकलंत, ‘त्याला शोध.’ ही दोन वाक्यं वेगळी आहेत. कदाचित तिला फक्त तुमच्याबरोबर त्याचा विचार करायचा होता. ते कळायला तिला बोलू द्यावं लागेल, आणि ऐकायचं कसं याचीही एक रीत आहे.

वेळ अशी निवडा: अंघोळ किंवा अंग पुसणं झालेलं, वेदनेची गोळी पोटात जाऊन पाऊण तास ते तास झालेला. सकाळी अकराच्या सुमारास बहुतेकांना हुशारी असते; तिला दुपार बरी वाटत असेल तर दुपार. पंधरा-वीस मिनिटं पुरेत. तिला बरं ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला, तिच्या डोळ्यांच्या पातळीला बसा, आणि उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडेल असं. पंखा मंद करा. आधी तोंड ओलं करून द्या. कोरड्या जिभेने माणूस बोलणं सोडून देतं आणि आपल्याला वाटतं तिला बोलायचं नाही.

‘का’ने सुरू होणारा प्रश्न विचारू नका. ‘का नाही सांगितलंस?’, ‘का सोडलंस?’ यावर ती उत्तर देत नाही, बचाव करते. ‘मग?’ विचारा. ‘कुठे बसायचात?’, ‘काय नेसली होतीस?’, ‘तो मराठी बोलायचा की तू गुजराती?’ जागेचे, वासाचे, खाण्याचे प्रश्न माणसाला थकवत नाहीत. कमाटी बागेतला कुठला बाक, सुरसागरची कुठली बाजू, न्यायमंदिरासमोरून कोण कुठे वळायचं. साल चुकलं तर दुरुस्त करू नका. ती थांबली की मनात वीसपर्यंत मोजा. बहुतेक वेळा पुढचं वाक्य पंधराच्या आसपास येतं, आणि आपण दहालाच तोंड उघडलेलं असतं. रडली तर रडू द्या, ‘नको तो विषय’ म्हणू नका. श्वास लागला, कपाळावर आठी आली, तर थांबा आणि म्हणा, ‘उद्या इथूनच पुढे.’ आणि तो एक प्रश्न, ‘तुझं बाबांवर प्रेम होतं का?’, तो कितीही जिभेवर आला तरी विचारू नका. त्याचं उत्तर तिच्यासाठी नाही, तुमच्यासाठी हवं आहे.

मोबाइलवर आजचा सुरसागर दाखवायचा मोह होईल. जपून. तळ्याच्या मधोमध आज शंकराची उंच मूर्ती उभी आहे; तिच्या आठवणीतल्या सुरसागरात ती नाही, आणि अशा फोटोने कधीकधी आठवण हातातून सुटते. घरात तेव्हाचे फोटो असतील, कॉलेजचा ग्रुप फोटो असेल, तर ते द्या. चेहरे तिला दाखवू द्या, तुम्ही बोट ठेवून ‘हा का?’ असं विचारू नका. त्या वर्षांतलं तिचं आवडतं गाणं हळू आवाजात एकदा लावा. पाठोपाठ दहा गाणी लावली की नुसता गोंगाट होतो.

ध्वनिमुद्रण करायचं असेल तर आधी विचारा. ‘आई, मी हे मोबाइलमध्ये साठवू? आणि कुणाला ऐकवू, कुणाला नको?’ तिचं उत्तर हीच पहिली नोंद असू दे. मोबाइल उशीशेजारी, तोंडापासून वीतभर ते हातभर अंतरावर, पालथा न ठेवता. फोन येऊन तुटू नये म्हणून विमान मोडवर. रोज आधी दहा सेकंदांची चाचणी करून ऐका. पंख्याच्या घरघरीत बारीक आवाज पुरता बुडतो आणि नंतर काही करता येत नाही. फाइलला तारखेचं नाव द्या, एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा, कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकही तुकडा जाऊ देऊ नका. रात्रीच्या भ्रमातलं कधीही रेकॉर्ड करू नका. तिथे तिची संमती नाही आणि तो तिचा आवाजही नाही.

त्याला शोधायचं का? माझं मत: तिने स्वतःहून, हुशारीत असताना, दोन वेगळ्या दिवशी मागितलं तरच. आणि शोधण्याआधी तिलाच चार गोष्टी विचारून घ्या. तो हयात नसला तर तुला सांगू का? सापडला पण बोलायची इच्छा नसली तर सांगू का? तुला त्याला भेटायचं आहे, त्याचा आवाज ऐकायचा आहे, की त्याला काही कळवायचं आहे? आणि त्याने तुला अशा अवस्थेत पाहिलेलं चालेल का? या शेवटच्या प्रश्नावर बऱ्याच जणी ‘नको’ म्हणतात, आणि ते नाव घेणं हाच त्यांचा हेतू होता हे तिथे कळतं. तिची इच्छा फक्त सांगण्याची असेल तर तिच्या तोंडून पत्र लिहून घ्या. पाठवायचंच असं नाही. त्याचं पुढे काय करायचं हे तिच्याकडूनच ठरवून घ्या आणि तसंच करा.

ती शोध म्हणाली, तर शोधाला मुदत घाला. आठवडाभर. तुमचं दिवसभराचं लक्ष मोबाइलमध्ये गेलं तर तिच्याजवळ कोण बसणार? त्याचं वय आज ८०च्या पुढे असणार, तेव्हा गुजराती वर्तमानपत्रांतल्या बेसण्याच्या, म्हणजे शोकसभेच्या, जाहिराती, त्याच्या पोळातली, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीतली, जुनी घरं, त्याच्या बॅचचे विद्यार्थी, फॅकल्टीची माजी विद्यार्थ्यांची मंडळी, याच वाटा पहिल्या. मतदार यादीतही नाव शोधता येतं, पण त्यासाठी वडिलांचं नाव आणि साधारण वय लागतं. आईला या दोन गोष्टी माहीत असतील. सगळ्यांत मोठी अडचण वेगळीच असते: त्याला तुमच्या आईचं आजचं नाव माहीत नाही. लग्नात आडनाव बदललं, आणि आपल्याकडे तेव्हा नावही बदलत. तुम्ही सासरचं नाव सांगून फोन केलात तर समोरचा प्रामाणिकपणे ‘ओळखत नाही’ म्हणेल आणि तुम्ही निराश होऊन फोन ठेवाल. माहेरचं नाव, माहेरचं आडनाव, कॉलेजचं वर्ष, एवढं सांगा.

पहिला फोन त्याच्याशीच बोलायला हवा, मुलासुनेशी नाही. त्याच्याही घरी कुणीतरी अठ्ठावन्न वर्षं संसार केलेली बाई असू शकते. घरच्यांनी उचलला तर ‘कॉलेजच्या जुन्या ओळखीतल्या एक आजारी आहेत, त्यांचा नमस्कार कळवायचा होता’, इतकंच. तो स्वतः आला की सावकाश, त्याच्या भाषेत: आपण कुणाची मुलगी, आई फार आजारी आहे, तिने आठवण काढली, तिची काही अपेक्षा नाही, तुम्हाला काही म्हणावंसं वाटलं तर मी तिच्यापर्यंत पोचवेन, नाही वाटलं तरी चालेल. मग गप्प बसा. त्याला लगेच उत्तर देता येणार नाही. नंबर देऊन ठेवा आणि पुन्हा तुम्ही फोन करू नका. त्याचा होकार आला तर दोन मिनिटांचा ध्वनिसंदेश हा बहुतेक वेळा सर्वांत सोसण्याजोगा मार्ग असतो. तो तिला हवा तेव्हा लावता येतो, नको तेव्हा थांबवता येतो. प्रत्यक्ष भेटीत दोन म्हातारी माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, खोलीत चार जण उभे असतात, आणि ज्याच्याशी ती मनात बोलत होती तो वीस वर्षांचा मुलगा कायमचा जातो. तरीही दोघांनाही भेट हवी असेल तर पंधरा मिनिटं, सकाळी, आणि बाबांना आधी सांगून.

बाबांकडे येऊ. तुम्ही त्यांना ‘औषधांनी बरळते’ म्हणालात, ते त्या क्षणी सुचलं. ते तसंच राहू देऊ नका, कारण एकदा बरळणं म्हटलं की दुपारी ती जे काही बोलेल, अगदी त्यांच्याशीही, ते सगळं बरळणं ठरतं. त्यांना वेगळ्या वेळी, वेगळ्या खोलीत गाठा. ‘बाबा, परवा तुम्ही विचारलंत. आई लग्नाआधीचं, कॉलेजातलं बोलते. कुणीतरी होतं तेव्हा. तुम्हाला ऐकून त्रास होतो का?’ इथे थांबा. तपशील देऊ नका, निरोप्या होऊ नका. ८४ वर्षांच्या माणसाला आपल्या बायकोबद्दल आपल्याला वाटतं त्याहून पुष्कळ माहीत असतं, आणि कित्येकदा त्यांनी ते नाव लग्नाच्या पहिल्या वर्षीच ऐकलेलं असतं. कदाचित ते चिडतील, कदाचित एक शब्द बोलणार नाहीत. दोन्हीला जागा द्या. ऐकवत नसेल तर आईच्या बोलण्याच्या वेळी त्यांना फेरी मारायला पाठवा. आणि दिवसातला एक तास फक्त त्यांचा ठेवा: चमच्याने पाणी पाजणं, पायांना तेल लावणं, ओठांना तूप. तुम्ही, बाई आणि नर्स मिळून सगळं करता आणि नवऱ्याला दारात उभं राहून पाहायला लागतं, हे घराघरात होतं. त्याने जेवढं एकटेपण येतं तेवढं जुन्या नावाने येत नाही.

आता ते एक वाक्य. ‘माझं जमलेलं याच आईने मोडलं होतं.’ ताई, तुमच्या पत्रातला राग तिथे आहे, आणि तो रास्त आहे. स्वतः सोसलेलं तिने तुमच्यावर लादलं असं तुम्हाला या तीन आठवड्यांत पहिल्यांदा दिसलं. ज्याला स्वतःच्या वेळी कुणी वाचवलं नाही ते माणूस दुसऱ्याला वाचवेलच असं नसतं. ते घाबरूनही तसंच वागतं, ‘हिला माझ्यासारखं लागू नये, आधीच तोडलेलं बरं’ म्हणून. तिच्या मनात हेच होतं असं मी म्हणत नाही. तिला विचारायची वेळ अजून आहे. पण खाटेशेजारी झडती नको आणि माफी वसूल करणंही नको. एकदा, ती हुशारीत असताना, तिची गोष्ट सांगून झाल्यावर, ‘आई, मलाही माझं आठवतं. मला तेव्हा फार लागलं होतं.’ एवढंच म्हणा आणि तिच्याकडे पाहा. ती काही बोलेल किंवा नुसता हात दाबेल किंवा दुसरीकडे बघेल. तिसरं झालं तर पुन्हा काढू नका. तिच्याकडे ताकद उरलेली नसेल. मग ते तुम्हाला दुसऱ्या कुणाशी तरी बोलावं लागेल: नवरा ऐकणारा असेल तर त्याच्याशी, नाहीतर मैत्रिणीशी, समुपदेशकाशी. ‘उगाळण्यात अर्थ नाही’ म्हणून गिळलं तर ते तेराव्यानंतर बाहेर येतं, आणि बहुधा बाबांवर किंवा भावावर निघतं.

भाऊ लांब आहे म्हणून घाबरून गोळी वाढवायला सांगतो आहे. त्याला यायला सांगा, आणि वाट पाहू नका. अशा आजारात एक साधा ठोकताळा डॉक्टर वापरतात: प्रकृती महिन्यामहिन्याने उतरत असेल तर हातात महिने असतात, आठवड्याआठवड्याने उतरत असेल तर आठवडे, रोज उतरत असेल तर दिवस. तुम्ही लिहिलं आहे की पंधरवड्यापूर्वी ती खुर्चीत बसत होती आणि आता बसत नाही. गिळणं कमी होईल, झोप वाढेल, श्वास मधेमधे थांबून पुन्हा सुरू होईल. बोलणं यांच्याही आधी जातं. ऐकणं मात्र बहुधा उशिरापर्यंत राहतं. २०२० साली कॅनडात मरणासन्न, प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांच्या मेंदूची तपासणी झाली, तेव्हा त्यांतल्या काहींचा मेंदू आवाजाला अजून प्रतिसाद देताना दिसला. म्हणून तिचं बोलणं थांबल्यावरही भावाला तिच्याशी बोलू द्या. पण तिने त्याच्याशी बोलावं असं त्याला वाटत असेल, तर पुण्याहून याच आठवड्याचं तिकीट काढायला सांगा.